अण्णांचं दुपारचं जेवण आणि वीस लिटरचा मायक्रोवेव्ह: चौदा महिने वापरून

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या घरी गॅस उघडा राहिला. सासरे दुपारी वरण गरम करायला ओट्यापाशी गेले, वरण उतू गेलं, ज्योत विझली आणि कॉक तसाच राहिला. त्यांना आता वास नीट येत नाही. समोरच्या काकूंना जिन्यात वास आला म्हणून त्या धावत आल्या आणि त्यांनीच कॉक बंद करून खिडक्या उघडल्या. संध्याकाळी हे सगळं ऐकताना माझे हातपाय गळून गेले होते.

सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णाच म्हणतो. वय ८१, उभी नोकरी नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात. मी शरणपूर रोडवर एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, नवरा अंबडला शिफ्टमध्ये. सासूबाई गेल्यापासून दहा ते सहा अण्णा घरात एकटे असतात. त्यांना दुपारचं जेवण गरमच लागतं, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

आधी गरम राहणारा डबा आणून पाहिला. सकाळी आठला उकळतं वरण भरलं आणि रविवारी घरी होते म्हणून दुपारी एकला थर्मामीटर घालून पाहिला, तर ४४ अंश. (थर्मामीटर लॅबमधला नव्हे, स्वयंपाकाचा वेगळा विकत घेतलेला. लॅबमधली वस्तू जेवणात घालायची नाही, हे आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात.) शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये रेंगाळू देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या लॅबमधलं इन्क्युबेटर ३७ अंशांवर ठेवलेलं असतं, ते जंतू वाढावेत म्हणूनच. म्हणजे त्या डब्यात मी अण्णांसाठी पाच तास वेगळं काय करत होते? डबा त्याच दिवशी माळ्यावर गेला आणि पुढच्या शनिवारी आम्ही मायक्रोवेव्ह आणला.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी लिहिणार आहे ते वीस लिटरच्या, गोल बटणांच्या जवळजवळ कुठल्याही साध्या मायक्रोवेव्हला लागू पडेल. कॅनडा कॉर्नरजवळच्या दुकानात ५,८९० रुपयांना मिळाला. दुकानातला मुलगा अठ्ठावीस लिटरचा, केक-तंदुरी करणारा, सपाट काचेवर बोट ठेवून चालवायचा दाखवत होता. अण्णांची बोटं थरथरतात आणि सपाट काचेवरचे आकडे त्यांना दिसत नाहीत. मला दोनच बटणं हवी होती, एक शक्तीचं आणि एक वेळेचं, आणि दोन्ही फिरवायची. शक्तीचं बटण मी एकदाच सगळ्यात वर नेऊन त्यावर चिकटपट्टी लावली. वेळेच्या बटणाभोवती लाल नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले, दीड मिनिटावर एक आणि तीन मिनिटांवर एक. चौदा महिने अण्णा या दोन ठिपक्यांवर जेवताहेत.

या बटणाची एक खोड माहितीपुस्तकात बारीक अक्षरात लिहिलेली असते. दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ लावायची असेल तर आधी दोनच्या पुढे फिरवायचं आणि मग मागे आणायचं, नाहीतर वेळ नीट बसत नाही. आम्हाला हे आठवड्यानं कळलं, तोवर दूध कधी कोमट तर कधी उकळतं निघायचं.

आणखी एक. पेटीवर ७०० वॅट लिहिलेलं असतं ते अन्नाला मिळणाऱ्या शक्तीचं. विजेच्या बोर्डातून तो जास्त ओढतो, आमच्या यंत्रामागच्या पट्टीवर १२०० लिहिलंय. म्हणून मोठ्या पिनचा, १६ अँपिअरचा सॉकेट घ्यावा आणि अर्थिंग तपासून घ्यावं. एक्स्टेंशन बोर्डावर लावू नये. अन्नाला खरंच ७०० मिळतात का, हे घरी तपासता येतं. काचेच्या मोठ्या भांड्यात एक लिटर साधं पाणी घ्या, तापमान पाहा, पूर्ण शक्तीवर बरोबर दोन मिनिटं लावा, ढवळून परत पाहा. जितके अंश वाढले त्याला ३५ नं गुणा. आमच्याकडे १८ अंश वाढले, म्हणजे साधारण ६३० वॅट. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की आणखी कमी. त्यामुळे कुणाच्या तरी पाककृतीतली मिनिटं तुमच्या घरी जशीच्या तशी चालतील, असं धरून चालू नका.

आता मुख्य गोष्ट. पहिल्याच दिवशी मी काचेच्या वाडग्यात फ्रिजमधला वरणभात ठेवला आणि तीन मिनिटं लावली. बाहेर काढला तेव्हा कडेनं वाफा येत होत्या. अण्णा म्हणाले, "झालं की!" मी थर्मामीटर घातला. कडेला ८२ अंश. मधोमध ३८. वरून बघून कुणीही झालं म्हणेल असं ते अन्न मध्ये इन्क्युबेटरइतकंच उबदार होतं.

मायक्रोवेव्ह आतून बाहेर तापवतो असं सगळे म्हणतात, मीही म्हणायचे. तसं नाही. या यंत्राच्या लहरी २४५० मेगाहर्ट्झच्या असतात, लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. त्या अन्नात दोन-तीन सेंटिमीटर शिरतात, तिथल्या पाण्याच्या रेणूंना हलवतात, त्यातून उष्णता तयार होते. त्याच्याही आत जी ऊब जाते ती नेहमीसारखी, गरम भागाकडून गार भागाकडे, हळूहळू. शिवाय त्या पेटीत लहरी भिंतींवर आपटून काही जागी जोर धरतात आणि काही जागी विझतात. थाळी फिरते ती यासाठीच. पण थाळी फिरली तरी तिचा मधला बिंदू जागच्या जागीच राहतो.

म्हणून आमच्याकडे भात वाडग्यात मध्ये खळगा करून, कडेनं आळं केल्यासारखा ठेवतात. वरण वेगळ्या वाडग्यात. झाकण ठेवायचं पण घट्ट नाही, वाफेला वाट हवी. आधी लाल ठिपक्यापर्यंत दीड मिनिट, मग काढून तळापासून ढवळायचं, परत दीड मिनिट, आणि मग दार न उघडता दोन मिनिटं तसंच राहू द्यायचं. ही शेवटची दोन मिनिटं लोक सोडून देतात, आणि त्यातच मधला भाग तापतो. अशा रीतीनं केल्यावर मी पुन्हा मोजलं, चार ठिकाणी. सगळ्यात कमी ७५. शिळं अन्न सगळीकडे ७० च्या वर जायला हवं, म्हणजे हे पुरे.

भाताबद्दल जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे मायक्रोवेव्ह काहीच करू शकत नाही. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात ओट्यावर तासन् तास राहिला की ते जागे होतात आणि त्यांच्यातले काही उलट्या करवणारं विष तयार करतात. ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. नाशिकचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे, दुपारी पारा चाळिशीला टेकतो. सकाळी आठचा भात ओट्यावर ठेवून दुपारी एकला वाफाळता करून खाल्ला, तर तो गरम असेल, सुरक्षित असेलच असं नाही. मी आता सकाळीच भात पसरट काचेच्या भांड्यात पातळ थरात काढते, वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये. खोल पातेल्यात ठेवलेला भात फ्रिजमध्येही मध्ये बराच वेळ कोमट राहतो. एकदा गरम केलेलं उरलं तर ते परत फ्रिजमध्ये जात नाही.

भांड्यांवरून घरात सगळ्यात जास्त वाद झाला. अण्णांचं ताट स्टीलचं, चाळीस वर्षांचं, मागे सासूबाईंचं नाव कोरलेलं. ते मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही म्हटल्यावर अण्णा दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "काचेत जेवायचं म्हणजे दवाखान्यात असल्यासारखं वाटतं गं." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता काचेत गरम करून ते आपल्या ताटात वाढून घेतात. स्टीलमधून लहरी आत जात नाहीत, भिंतीजवळ धातूची कड आली की ठिणग्या उडतात. सोनेरी नक्षीच्या कपबशाही त्याच कारणानं बाद. मी भांडी बाजारात जाऊन उष्णता सोसणाऱ्या काचेचे, झाकणवाले तीन वाडगे आणले, गोलच. चौकोनी डब्याचे कोपरे आधी करपतात, आणि वीस लिटरच्या पेटीत ते फिरताना अडकतातही. गरम झालेला काचेचा वाडगा काढल्या काढल्या ओल्या ओट्यावर किंवा गार फरशीवर टेकवू नका, तडकतो.

ठिणग्यांची चूक माझी होती. सवयीनं पोळ्या चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या, अण्णांनी कागदासकट आत सरकवल्या. चटचट आवाज आणि निळसर उजेड. त्यांनी घाबरून दार उघडलं आणि सगळं तत्क्षणी थांबलं. दार उघडलं की लहरी बंद होतात, त्यासाठी दारात एकाहून जास्त खटके बसवलेले असतात. अण्णांनी त्या रात्री विचारलं, "किरणं बाहेर येतात का?" दाराच्या काचेतली धातूची जाळी पाहा, तिची भोकं मिलिमीटरची आणि लहर १२ सेंटिमीटरची, ती बाहेर पडू शकत नाही. थोडी गळती धरूनही तिला मर्यादा आहे, यंत्रापासून पाच सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॅट, आणि दूर जाल तशी ती झपाट्यानं घटते. एक्स-रेसारखी ही किरणं नव्हेत, अन्न किरणोत्सर्गी होत नाही. पण दार वाकलं असेल, बिजागरी ढिली असेल किंवा नीट लागत नसेल, तर ते यंत्र वापरू नये. यात तडजोड नको.

या यंत्राचा खरा दोष वेळेच्या बटणातच आहे. तीन मिनिटं लावली आणि दोन मिनिटांनी दार उघडून वाडगा काढला, तर बटण एक मिनिटावर थांबून राहतं. दार परत लावलं की उरलेलं मिनिट लगेच सुरू, आत काही नसतानाही. रिकामा चालला तर लहरी शोषायला काही नसतं, त्या परत उगमाकडे जातात आणि मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भागच तापतो. अण्णांना प्रत्येक वेळी बटण शून्यावर आणायला सांगणं मला अन्यायाचं वाटलं. त्यावर उपाय म्हणून काम नसताना आत नेहमी एक चिनी मातीचा पेला पाणी घालून ठेवलेला असतो. वाडगा आत जाताना पेला बाहेर, वाडगा बाहेर आला की पेला आत. यात पाचपैकी एक गुण मी कापते, बाकीचे चार देते.

पाण्यावरून माझ्या मनगटावर अजून डाग आहे. जानेवारीतली रात्र, निफाडकडून येणारा गारठा आणि माझा घसा धरलेला. गुळण्यांसाठी गुळगुळीत काचेच्या मगात पाणी तीन मिनिटं लावलं. बुडबुडे दिसेनात म्हणून आणखी एक मिनिट. बाहेर काढलं, पाणी शांत. चिमूटभर मीठ टाकलं आणि अर्धा मग उसळून हातावर आला. पातेल्याच्या तळाला गॅसवर बुडबुडे धरायला जागा मिळते. स्वच्छ, गुळगुळीत मगात ती मिळत नाही, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि मीठ, साखर, कॉफी किंवा नुसता चमचा पडला की एकदम उकळतं. मी हात वीस मिनिटं नळाखाली धरला, त्यामुळे थोडक्यात निभावलं. तेव्हापासून पाणी किंवा दूध लावायच्या आधी मगात आईस्क्रीमची लाकडी काडी उभी करते, मग अर्ध्यापर्यंतच भरते, दीड मिनिटापुढे जात नाही आणि झाल्यावर अर्धा मिनिट दार उघडत नाही. अण्णांना उकळतं पाणी लागलं तर ते थर्मासमध्ये सकाळीच भरलेलं असतं.

लहान बाळाचं दूध मात्र यात अजिबात नको. समोरच्या काकूंची लेक बाळंतपणाला आली होती, त्या बाटली घेऊन आल्या. मी नाही म्हटलं आणि गरम पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करून दिली. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत एखाद्या ठिकाणी दूध पोळेल इतकं तापलेलं असतं. त्यांना थोडं वाईट वाटलं असेल, पण मी पुन्हाही हेच करेन.

गोड सारणाचंही तसंच. होळीची पुरणपोळी वीस सेकंद लावली, वरून नुसती कोमट, आत पुरण धगधगतं. अण्णांची जीभ पोळली. साखर-गूळ असलेलं सारण आवरणाच्या आधी तापतं, त्यामुळे मोदक आणि पुरणपोळी फोडून, मिनिटभर थांबून खायची. खरं तर पुरणपोळीला तवाच बरा. वड्यालाही तवा, मायक्रोवेव्हमध्ये तो ओला बोळा होतो. साध्या पोळीला ओलसर फडक्यात पंधरा सेकंद पुरतात, तीस झाले की चामडं. पापड मात्र सुंदर भाजतो, तेलाचा थेंब न लावता, फक्त समोर उभं राहून. उकडलेलं अंडं सोललेलं असलं तरी लावू नका, ते आत नाही फुटलं तर तोंडाजवळ फुटू शकतं.

गंगापूर रोडवरून रविवारी मिसळ येते तेव्हा उसळ आणि तर्री पिशवीतून काचेत काढून घेते. डब्याच्या तळाला त्रिकोणात ५ (म्हणजे पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक) लिहिलेलं असेल आणि मायक्रोवेव्हला चालतो असा शिक्का असेल तरी तर्रीसाठी मी तो वापरत नाही. तेल १०० च्या बरंच वर जातं, प्लॅस्टिक तिथे मऊ पडतं. आईस्क्रीमचे रिकामे डबे, मेलामाइनच्या ताटल्या यांचा तर प्रश्नच नाही. वर्तमानपत्राचा कागदही नको, शाईबद्दल एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, सांगून ठेवलंय.

आणि नाशिककरांसाठी खास, द्राक्षं. भाच्यानं मोबाईलवर पाहून दोन द्राक्षं चिकटवून ठेवली होती, मी वेळेत पाहिलं. पाण्यात शिरल्यावर लहरीची लांबी आखडून सेंटिमीटरभर उरते, द्राक्षाच्या आकाराच्या आसपास, त्यामुळे दोन द्राक्षं टेकतात तिथे ऊर्जा एकवटते आणि ज्वाळेसारखा प्लाझ्मा उठतो. यावर २०१९ मध्ये कॅनडातल्या शास्त्रज्ञांचा शोधनिबंधही आला. पोरांना हे समजावून सांगा, करू देऊ नका. यंत्र त्यानं खराब होऊ शकतं.

दुरुस्ती एकदाच लागली. दहाव्या महिन्यात आत उजव्या भिंतीवर ठिणग्या यायला लागल्या, आत धातू नसताना. एका सेवा केंद्रानं सहा दिवस ठेवून मॅग्नेट्रॉन गेला म्हणून सांगितलं आणि अडीच हजार मागितले. मी यंत्र परत आणलं. दुसऱ्या दुरुस्तीवाल्यानं दहा मिनिटांत अभ्रकाचा पातळ पत्रा (लहरी पेटीत येतात ती जागा झाकणारा) काढून दाखवला, तर्रीचे शिंतोडे बसून जळलेला. १८० रुपयांत नवा बसला. तेव्हापासून झाकण चुकत नाही, आणि दर शनिवारी वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी आणि लाकडी काडी घालून तीन मिनिटं, मग वाफ मुरल्यावर फडकं. पत्रा दिसतो तो आतल्या बाजूनं. यंत्राचं बाहेरचं आवरण मात्र घरी कधीच उघडू नका, आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, प्लग काढल्यावरही दोन हजार व्होल्टच्या वरचा झटका देऊ शकतो.

देवळालीची मावशी विचारत होती, तिच्या यजमानांसाठी घ्यावा का. तिला म्हटलं, घे, पण आधी रविवारी माझ्याबरोबर भांडी बाजारात चल, वाडगे घेऊ. आणि पहिले पंधरा दिवस कुणीतरी त्यांच्याजवळ उभं राहायला हवं. मी रजा टाकून चार दिवस उभी राहिले होते, ते कमीच पडले.

परवा सव्वाला लॅबमध्ये फोन आला. माझे हात ग्लोव्हजमध्ये, स्पीकरवर घेतला. "अगं, वांग्याची भाजी मध्ये गार लागली," अण्णा म्हणाले, "ढवळून परत पहिल्या ठिपक्यापर्यंत लावली. आता दोन मिनिटं थांबलोय. तू तुझा डबा खाल्लास का?"